तीन नंबरची बरणी

मनोहर डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात मेथी निवडत होते. फोन त्यांच्या मुलीचा, मीनाताईंचा होता. "इंदूकाकू, बाबा गेले. सकाळी, झोपेतच." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून घेतली. मग तोंड धुतलं, पातळ बदललं आणि तिवशाहून अमरावतीची बस धरली. बसमध्ये मात्र मोझरी मागे पडेपर्यंत रडले. नवऱ्यासाठी मी इतकी रडले नव्हते. हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण नवऱ्याबरोबर मी नऊ वर्षं राहिले आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं काम केलं. तेराव्या दिवसापर्यंत अधूनमधून रडू येत होतं. तेराव्या दिवशी मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट कळली, आणि तेव्हापासून आजपर्यंत डोळ्यांत टिपूस आलेलं नाही. त्या गोष्टीत माझी मेलेली बहीण आहे. मीनाताईंनीच मला सांगितलं, पेपरच्या पुरवणीत बाबांबद्दल तुम्ही लिहा, तुमच्याइतकं त्यांना कोणी पाहिलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. चांगलं होतं ते चांगलं लिहीन. बाकीचंही लिहीन.

मी दवाखान्यात लागले ती झाडूपोछ्यासाठी. दोन खोल्यांचा दवाखाना, नागपूर रोडवर. बाहेरच्या खोलीत बाक, आतल्या खोलीत डॉक्टर, आणि मधे लाकडी फळ्यांची भिंत, तिला एक खिडकी. डॉक्टर तेव्हा तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, खिशात बडीशेपेची डबी. कोणत्याही म्हाताऱ्या बाईला ते 'माय' म्हणत आणि कोणत्याही तरण्या माणसाला रागावत. दुपारचा डबा उभ्यानंच खात. पहिलं वर्ष-दीड वर्ष ते लोकांना खरं सांगत असत. सर्दी-खोकला घेऊन कोणी आलं की छाती तपासायचे, घसा पाहायचे आणि म्हणायचे, "ही साधी सर्दी आहे. आठ दिवसांत आपोआप जाईल. गरम पाणी प्या, मिठाच्या गुळण्या करा, वाफ घ्या. औषधाची गरज नाही." लोक त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायचे. एकदा कापडवाले रहीमभाई तीन लेकरं घेऊन आले, तिघांचीही नाकं वाहत होती. डॉक्टरांनी तिघांना तपासलं आणि हेच सांगितलं. रहीमभाई उठले, लेकरांचे स्वेटर नीट केले आणि दारातून म्हणाले, "डागदर साब, पानी तो हमारे घर में भी गरम होता है." बाकावरचे सगळे हसले. रहीमभाई रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात गेले. तिथं प्रत्येकाला एक सुई आणि दोन रंगांच्या कॅप्सूल मिळत. त्यांच्या मागं बाकावरची दोन माणसंही गेली.

बाक रिकामा होत गेला. डॉक्टर दारात उभे राहून समोरची गर्दी पाहत आणि मला म्हणत, "इंदूबाई, त्या माणसाला कळतं की हे औषध सर्दीवर चालत नाही. तरी देतो. उद्या खरंच छातीत काही झालं तर हेच औषध ह्या लोकांना लागू पडणार नाही." मी म्हणायचे, "मंग तुमीही द्या ना. लोक तं पळून राहिले." ते चिडायचे. कित्येक महिने असंच गेलं. मग एका सोमवारी मी दवाखाना उघडला तर टेबलावर तीन नव्या बरण्या होत्या. झाकणांवर चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं आकडे. एक, दोन, तीन. डॉक्टर म्हणाले, "आता आत खिडकीशी बसून पुड्या तुम्ही बांधायच्या. चौथी शिकलात ना? आकडे येतात ना? बस." एक म्हणजे तापाच्या गोळ्या. दोन म्हणजे सर्दीच्या. "आणि तीन?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तीन नंबर भारी औषध आहे. मी सांगितल्याशिवाय कोणाला द्यायचं नाही."

तीन नंबरमध्ये काळपट लाल कॅप्सूल होत्या. झाकण उघडलं की उग्र वास यायचा. डॉक्टर सगळ्यांना तीन नंबर देत नसत, आणि हीच त्यांची हुशारी. छातीला नळी लावून खूप वेळ ऐकायचे, पाठ ठोकून पाहायचे, डोळे मिटायचे... आणि मग खिडकीकडे वळून मला आवाज द्यायचे, "इंदूबाई, तीन नंबर, पाच दिवस." ते ऐकलं की समोर बसलेल्या माणसाचा चेहरा उजळायचा. मी जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या बांधायचे आणि दम द्यायचे, "पाच दिवस पुरे करजा. मधात सोडलं तं रोग उलटते. लघवी पिवळी होईन, भेऊ नका." दुसऱ्या दिवशी लोक खूष होऊन सांगत यायचे, "बाई, पिवळी झाली. सारी गर्मी निघून राहिली." आठ दिवसांत खोकला जायचा. वर्षभरात बाक भरला. रहीमभाईही परत आले आणि माझ्या खिडकीशी वाकून म्हणू लागले, "बाई, तीन नंबर डालना, कंजूसी मत करना." खेड्यापाड्यांतून माणसं यायची ती डॉक्टरांचं नाव विसरायची, पण तीन नंबर विसरायची नाहीत. बाजारात बायका मला रस्ता द्यायच्या. नवरा गेल्यावर ज्यांनी मला दारात उभं केलं नव्हतं, त्या मला विचारायच्या, पोराला खोकला आहे, काय करू. मी सांगायचे.

आणखी एक सांगून ठेवते, कारण ते मला तेव्हा कळलं नाही. डॉक्टरांच्या टेबलाला खण होता. त्यात औषधांच्या पट्ट्या असत. ते औषध मात्र माझ्या हाती कधी येत नसे. एखादं लेकरू धापा टाकत आलं, एखाद्या म्हाताऱ्याच्या छातीत घरघर असली, की डॉक्टर स्वतः खण उघडायचे, कागदावर औषधाचं नाव लिहायचे, रोज येऊन दाखवायला सांगायचे, आणि जास्त असेल तर चिठ्ठी देऊन अमरावतीला पाठवायचे. मला वाटायचं, कंपनीवाले फुकट देऊन जातात ते ह्या खणात पडलेलं असतं आणि गरिबांना डॉक्टर त्यातलं देतात. भारी औषध तर माझ्याजवळ होतं.

आता सांगते त्याला बारा वर्षं झाली. पौषातली थंडी होती. माझी धाकटी बहीण कुसुम बार्शीटाकळीला दिलेली. तिची मुलगी वैशू तेव्हा अकरावीत होती. तिचा फोन आला, "मावशी, आईले दोन दिवसापासून ताप आहे, खोकून खोकून बेजार झाली." डॉक्टर त्या दिवशी लग्नाला बाहेरगावी गेले होते. मी तीन नंबरच्या बरणीतून पंधरा कॅप्सूल मोजून घेतल्या, पुडी बांधली आणि निघाले. विचारायला माणूस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर असतं तरी मी विचारलं नसतं. इतकी वर्षं झाल्यावर मला वाटत होतं की सर्दी-खोकल्याचं मला कळतं. अमरावती, अकोला आणि मग बार्शीटाकळी, पोचायला दुपार झाली. कुसुम गोधडी घेऊन बाजेवर पडली होती.

"आली का डागदरीन," ती म्हणाली. "दवाखाना डोक्यावर घेऊन आली असशीन."

"तोंड बंद कर अन् गोळी घे."

"भारी आहे का?"

"तीन नंबर आहे. तिवशात लोक ह्याच्यासाठी वाट पाहत बसतात. दिवसातून तीन डाव, पाच दिवस. मधात सोडशीन तं येऊन कानाखाली देईन."

"तू लहानपणापासून तेच देत आली," कुसुम म्हणाली आणि हसली. हसताना तिच्या कुशीत कळ आली. तिनं बरगडी हातानं दाबून धरली. ते मी पाहिलं. तिचा श्वासही भरभर चालला होता, तेही पाहिलं. खोकून दमली असेल म्हटलं. तिचे यजमान दामोदरराव दारात उभे होते, ते म्हणाले, "अकोल्याले दाखवून आणू का?" मी म्हटलं, "कोर्स पुरा होऊ द्या. इतक्या लोकायले बरं होताना पाहिलं मी." दुसऱ्या दिवशी दवाखाना होता म्हणून पहाटेच्या गाडीनं परत आले.

पाचव्या दिवशी फोन आला की कुसुमला अकोल्याला नेलं आहे. मी पोचले तर तिच्या नाकाला नळी होती आणि ओठ काळे पडले होते. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "घरी कोणतं औषध सुरू होतं?" मी पुढं झाले. वैशूनं हाती दिलेली पुडी मी पदराला बांधली होती, तिच्यात दोन कॅप्सूल उरल्या होत्या. "भारी औषध आहे साहेब. तीन नंबर." त्यानं कॅप्सूल उजेडात धरली. "नंबर नाही आजी, नाव सांगा." मला नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आमच्या डॉक्टरांचं आहे." त्यानं माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरलेले नाही. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुसरीकडं गेला. कुसुम दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. निमोनिया, दोन्ही फुप्फुसं भरली होती. आणायला उशीर झाला, असं ते म्हणाले.

तेरवी करून मी तिवशाला परतले आणि पहिल्याच सकाळी डॉक्टरांना सांगितलं. ते बेसिनवर हात धूत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, मी तुम्हाला न विचारता तीन नंबरच्या पंधरा कॅप्सूल नेल्या होत्या. कुसुमला दिल्या. तरी ती गेली." ते हात धूतच राहिले. साबण केव्हाच निघून गेला होता, पाणी नुसतं वाहत होतं. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस दिल्या?" मी म्हटलं, "पाच." "आणि श्वास भरभर होता?" "होता." नळ बंद करून ते म्हणाले, "इंदूबाई, औषध दिलं म्हणजे माणूस वाचतोच असं नसतं." एवढंच. मला त्या वाक्यानं फार बरं वाटलं. भारी औषध दिलं, तरी गेली, म्हणजे तिची वेळच आली होती, असं मी धरून चालले. दामोदररावांना तेच सांगितलं, वैशूला तेच सांगितलं, स्वतःला तर रोज सांगत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "ह्यापुढे बरणीतली एकही गोळी मला विचारल्याशिवाय दवाखान्याबाहेर जाता कामा नये." मला राग आला. चोरीचा आळ घेतात असं वाटलं. मी पुड्यांचे कागद टेबलावर ठेवले आणि घरी गेले. दोन दिवस गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर माझ्या घरी आले. रोग्याखेरीज कोणाच्या घरी ते जात नसत. माझ्या बाजेवर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "तुमच्यावर चोरीचा आळ नाही. कधीच नव्हता." मी म्हटलं, "मंग काहून बोलले तसे?" ते हातातला पेला फिरवत राहिले. "इंदूबाई..." म्हणाले आणि थांबले. भिंतीवर कुसुमचा आणि माझा जत्रेतला फोटो होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. मग उठले. "उद्या या. तुमच्याशिवाय होत नाही." मी गेले. त्यानंतर दहा वर्षं, ते दवाखाना बंद करून अमरावतीला राहायला जाईपर्यंत, मी पुड्या बांधल्या. ते मात्र बदलले. सकाळी आल्याबरोबर आधी बाकाजवळ उभे राहायचे आणि बसलेल्या प्रत्येकाचा श्वास पाहायचे, घड्याळ लावून मोजायचे. तीन नंबरची बरणी रिकामी झाली की पूर्वीसारखीच स्वतः भरायचे. वय झालं तसे जास्तच काटेकोर झाले, असं मी लोकांना कौतुकानं सांगायचे.

तेराव्या दिवसाचा कार्यक्रम तिवशातच ठेवला होता. हॉल भरला होता. जेवणाआधी मीनाताई बोलल्या. त्या स्वतः डॉक्टर आहेत. चांगलं बोलतात. म्हणाल्या, आज साध्या सर्दीलाही सर्रास अँटिबायोटिक दिलं जातं. त्यानं सर्दी बरी होत नाही, उलट जंतू औषधाला दाद देईनासे होतात. बाबांना हे फार आधी कळलं होतं. पण लोक ऐकत नव्हते, म्हणून त्यांनी एक युक्ती केली. "तुमची सगळ्यांची ती लाडकी तीन नंबरची कॅप्सूल आठवते ना? ते भारी औषध नव्हतंच. ती बी-कॉम्प्लेक्स होती, ताकदीची गोळी. लघवी पिवळी व्हायची ती त्यामुळे." हॉलमध्ये हशा पिकला. रहीमभाई आता खूप थकले आहेत, ते खुर्चीतून म्हणाले, "पूरी उमर बनाया डागदर साब ने, और हम बनते रहे." पुन्हा हशा. मीनाताई म्हणाल्या, "इंदूकाकूंनासुद्धा माहीत नव्हतं. त्या तर दम द्यायच्या, कोर्स पुरा करा म्हणून." सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. प्रेमानंच पाहिलं. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. मीही हसले असेन. सगळे हसत असताना तोंड आपोआप तसं होतं.

जेवणं झाल्यावर मी मीनाताईंना हॉलच्या मागं, भांडी होती तिथं गाठलं. विचारलं, "तीन नंबरमध्ये नेहमी तेच होतं? कधीच दुसरं नव्हतं?"

"नेहमी तेच, काकू."

"निमोनियाला ते चालतं का?"

"कसं चालेल? निमोनियाला बाबा खणातलं द्यायचे, ते खरं. तुम्ही पाहिलंच असेल की." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही." त्यांचे वडील जाऊन तेरा दिवस झाले होते. कुसुमचं त्यांना कधी कोणी सांगितलेलं नव्हतं. आज वाचतील.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते. त्यांनी सर्दीला भारी औषध दिलं नाही, ते बरोबर केलं. लोकांना त्याची गरज नव्हती, लोक बरे झाले, समोरच्या दवाखान्यानं केलं ते पाप त्यांनी केलं नाही. हे मी कोणालाही ठणकावून सांगेन. पण माझ्या तोंडून त्यांनी सव्वीस वर्षं खोटं वदवलं आणि मला कळू दिलं नाही. गावाला फसवलं त्याचं एक कारण होतं. मी फळीच्या दुसऱ्या बाजूला बसत होते. मी बाकावरची नव्हते. निदान मला तरी तसं वाटत होतं... आणि बेसिनवर हात धुताना त्यांना सगळं कळलं होतं. मी दिलेल्या गोळीत काही नव्हतं, आणि त्या गोळीच्या भरवशावर मी माझ्या बहिणीला पाच दिवस घरात ठेवलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. माझ्या बाजेवर बसून ते सांगायलाच आले होते, असं मला आता वाटतं. सांगितलं नाही. पाणी प्यायले आणि मला कामावर परत घेऊन गेले. त्यानंतर दहा वर्षं मी त्याच बरणीतून पुड्या बांधत होते आणि ते माझ्यासमोर ती भरत होते. कोणी म्हणेल, मला दुःख होऊ नये म्हणून गप्प राहिले. माझ्या दुःखाचं काय करायचं ते मला ठरवू द्यायला हवं होतं.

दामोदरराव तीन वर्षांपूर्वी गेले. राहिली वैशू. ती आता अकोल्यात असते, तिला चार वर्षांची मुलगी आहे. मी मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेले. चहा झाल्यावर सरळ सांगितलं. "तुझ्या आईले मी देल्लं ते औषध नव्हतं. ताकदीच्या गोळ्या होत्या. मले माहीत नव्हतं. आता माहीत झालं, म्हणून तुले सांगाले आली." वैशू परातीत कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "मावशी, तुले एक माहीत नाही. तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबानं जीप आणली होती. दारात उभी होती. अकोल्याले न्यायले. आईनंच परत पाठवली. म्हणे, ताईनं कोर्स देल्ला, मधात सोडला तं ताई बोलन."

मी विचारलं, "इतक्या वर्षांत काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? तू तं दरवेळी म्हणत होती, सगळ्यात भारी औषध देल्लं. बाबा म्हणे, तिले नको सांगू, थे मरून जाईन."

म्हणजे सगळ्यांनीच माझ्यापासून लपवलं. मी स्वभावानं एवढी कडक, तोंडावर बोलणारी, आणि माझ्यापाशी खरं बोलायची कोणाची छाती झाली नाही. एक जीप माझ्या शब्दाखातर दारातून परत गेली, आणि ते मला बारा वर्षांनी कळलं.

वैशूची मुलगी आतून खोकत आली. नाक वाहत होतं. वैशूनं हात धुतले आणि फळीवरून एक अर्धी बाटली काढली. "मागच्या डावाचं उरलं आहे. मेडिकलवाल्यानं देल्लं होतं, चांगला गुण आला होता." मी बाटली घेतली आणि अक्षर अक्षर जोडून इंग्रजी नाव वाचलं. कशावरचं औषध ते मला कळलं नाही, आणि ह्या वेळी मी कळल्याचं सोंग केलं नाही. "हे नाही द्यायचं. डॉक्टरले दाखव."

दवाखाना गल्लीतच होता. डॉक्टर मुलगी होती, वैशूच्याच वयाची. तिनं लेकराचा सदरा वर केला, घड्याळ पाहत श्वास मोजला, छाती ऐकली, घसा आणि कान पाहिले. म्हणाली, "साधी सर्दी आहे. छाती साफ आहे. अँटिबायोटिकची गरज नाही. कोमट पाणी द्या. श्वास भरभर चालला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, खाणंपिणं सोडलं किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर लगेच घेऊन या, वाट पाहू नका." मी विचारलं, "खरंच काही द्यायचं नाही?" ती म्हणाली, "खरंच नाही, आजी." आम्ही रिकाम्या हातानं बाहेर आलो. वैशू पायरीवर थांबली. "काहीच देल्लं नाही हिनं. दुसऱ्याकडं दाखवू का?" ती माझी भाची, बी.ए. झालेली, आईच्या मरणाची गोष्ट नुकतीच ऐकलेली, आणि तरी तिचे पाय दुसऱ्या दवाखान्याकडे वळत होते. मनोहर डॉक्टरांनी पहिल्या दीड वर्षात रोज हेच पाहिलं होतं. त्यांना का तीन बरण्या आणाव्या लागल्या, ते मला त्या पायरीवर कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला नाही.

मी म्हटलं, "घरी चाल. मी आहे तीन दिवस." आणि राहिले. लेकराला मांडीवर घेऊन बसायचे. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट पाहायचे आणि पोट किती वेळा वरखाली होतं ते मोजायचे. हे मोजणं डॉक्टरांचंच, त्यांच्याच पद्धतीनं, ओठ न हलवता. तिसऱ्या दिवशी ती उठून अंगणात पळाली.

त्या संध्याकाळी वैशूनं मला विचारलं, "मावशी, आई गेल्यावर डॉक्टरनं तुले खरं सांगतलं असतं, तं तू कामाले गेली असती का परत?"

"नसती गेली. गावात चार ठिकाणी बोलली असती. बरणी बंद पडली असती."

"मंग म्हणूनच नाही सांगतलं."

"असन."

"अन् पहिल्याच दिवशी सांगतलं असतं तं? बरण्या आणल्या त्या दिवशी?"

ह्याचा मी विचार केलेला नव्हता. तिथं बसून केला. मग तिला खरं तेच सांगितलं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं असतं की इंदूबाई, तीन नंबरमध्ये काही नाही, पण लोकांना तसं म्हणायचं नाही, तर मी हो म्हटलं असतं. त्यांच्याबरोबर साऱ्या गावाशी खोटं बोलले असते, आनंदानं, सव्वीस वर्षं, आणि कोणाला सुगावा लागू दिला नसता. फक्त माझ्या बहिणीला त्यातलं दिलं नसतं.